शब्द तीन, पोरगा एक

निकुऱ्यांच्या खळ्यावर त्या वर्षी माणसं कमी आणि मतं जास्त होती.

धान चुरायचा दिवस म्हणजे एरवी पंधरा-वीस जणांचा राबता. पण अठ्ठावन्न सालच्या कार्तिकात हिवतापाने निम्मा आंबेटोला अंथरुणाला खिळवला होता. मार्गशीर्ष उजाडला तरी उठलेली माणसं चार पावलं टाकली की भिंतीला टेकायची. म्हणून वारलू निकुऱ्याने चांद्याहून लेकीला, इंदुताईला, बोलावून घेतलं आणि तिच्याबरोबर जावईही आला. गुणवंतराव कचेरीत कारकून. तीन दिवसांची रजा टाकून छोट्या रुळांच्या रेल्वेने वडशापर्यंत आणि पुढे बैलबंडीतून हाडं खिळखिळी करून घेत तो पोचला होता. सकाळी त्याने धोतर खोचलं, खळ्यावर उभा राहिला आणि बैलांच्या मागे फिरायच्या ऐवजी बैलांनी कसं फिरावं हे सांगू लागला.

खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती, सहा बैलांची दावण फिरत होती. चार बैल घरचे, दोन गोंडटोल्यातल्या मंगरूचे. वारलू आणि मंगरू एकमेकांच्या खळ्यावर बैल नेत आले होते त्याला आता वीस वर्षं झाली. दावणीमागे डोमा होता.

आशाबाई, डोमाची आई, सुपाने धुरळा बाजूला करत हे सगळं बघत होती. तिच्या पोटात तीन दिवसांपासून एक गोष्ट होती आणि ती तिथे धड बसत नव्हती.

डोमाने वडशाच्या लाकूड डेपोतली नोकरी सोडून सोळा दिवस झाले होते. दोन वर्षं तो मुखरू ठेकेदाराकडे मापारी होता. सागाच्या लाकडाकडे नुसतं बघून घनफूट सांगायचा, मग फीत लावली की फरक निघायचा तो बोटभर. अशी नोकरी त्याने का सोडली हे कोणाला धड सांगितलं नाही. एकवीस वर्षांचा मॅट्रिक झालेला पोरगा, वैशाखात लग्न झालेला, घरी बसलाय, हे आशाबाईला वाढताना दिसायचं आणि सारवतानाही दिसायचं.

न्याहारीला बैल थांबले. डोमाची बायको कमळा तांदळाच्या भाकरी आणि जवसाची चटणी घेऊन आली. गुणवंतरावाने ओला हात मिशीवरून फिरवला आणि कचेरीत हुकूम वाचून दाखवतात तसा आवाज काढला.

"मामाजी, आता खुशीची गोष्ट सांगतो. डोमाचं काम झालं. बल्लारशाच्या कागद कारखान्यातल्या हेडक्लार्कले मी शब्द देऊन आलो. बांबूच्या यार्डात मोजनीचा कारकून. सोमवारी हजर व्हायचं."

"कोन्या सोमवारी?" आशाबाईने विचारलं.

"येत्या."

"येत्या सोमवारी तर तो कुरखेड्याले जाऊन राह्यला."

गुणवंतरावाचा घास हातातच राहिला. "कुरखेड्याले काऊन?"

"म्या शब्द देला म्हनून," आशाबाई म्हणाली, आणि तीन दिवसांचं ओझं उतरल्यासारखी भराभर बोलू लागली. "तो हिवतापाचा इन्स्पेक्टर आला होता गावात. घराघरात फवारा मारायचा म्हने सरकारले. दुपारचा उन्हातून आला, मी जेवाले घातलं. मंग म्हने, बाई, घरी कोनी मॅट्रिक हाय का. मी म्हटलं, हाय ना, बसून हाय. म्हने, पाठवा सोमवारी. मंग त्यानं आपल्या गोठ्यात पंप ठेवले, पावडरचे डबे ठेवले. सामान ठेवून घेतलं म्हनजे शब्द पक्काच झाला नाई का? अन् सायकल देनार हाय सरकार. कुरखेडा पाच कोस. पोरगा सकाळी जाईन अन् दिवे लागनीले घरी येईन."

"माय, गोठ्यात वास कायचा येऊन राह्यला म्हनून मी काल विचारलं, तर तू म्हनली म्हैस बिमार हाय," इंदुताई म्हणाली.

"मंग काय सांगू? तुमी गाडीतून उतरले नाई का पाहुन्यायनं बल्लारशा, बल्लारशा लावलं."

"बाई, ते हंगामी काम हाय," गुणवंतराव समजुतीच्या सुरात म्हणाला. "मी कचेरीत कागद पाहातो रोज. आता सरकार मुंबईचं हाय. उद्या मुंबईवाले म्हनतील, मच्छर संपले, तुमी घरी जा."

"मच्छर संपले तर चांगलंच नाई का?"

मंगरू भाकरी चावता चावता थांबला आणि मान हलवून त्याने आशाबाईच्या बाजूने मत दिलं. इंदुताई मात्र नवऱ्याच्या बाजूला सरकली. बल्लारशा चांद्याला लागून, दर रविवारी भाऊ जेवायला येईल, हा तिचा हिशोब होता आणि तो तिने लपवलाही नाही. डोमा मायकडून भाऊजींकडे आणि भाऊजींकडून मायकडे बघत होता, जणू शेजारच्या कोणाच्या पोराचं चाललं होतं.

"मामाजी, घरधनी तुमी," गुणवंतराव म्हणाला. "तुमीच सांगा आता."

वारलू निकुरे कमी बोलायचा, कारण बोललेलं त्याला पाळावं लागायचं. तीस वर्षांपूर्वी त्याने एका वासराचा सौदा तोंडी केला, दुसऱ्या दिवशी दुप्पट भाव आला, तरी वासरू पहिल्यालाच दिलं. वारलूने हो म्हटलं म्हणजे झालं, असं आंबेटोल्यात अजून म्हणतात. त्याला या गोष्टीचा अभिमान होता. पण या वेळी त्याने हातातली भाकर खाली ठेवली.

तो जावयाकडे बघून बोलला नाही, बायकोकडे बघूनही बोलला नाही. बसलेल्या बैलाकडे बघून म्हणाला, "तिसरी गोष्ट हाय."

"कोनती जी?" आशाबाईने विचारलं.

"मंगळवारच्या बाजारात मुखरू ठेकेदार भेटला. म्हने, डोमासारखा मापारी मले वडशापासून बल्लारशापर्यंत नाई भेटला. म्हने, वारलूभाऊ, आता त्याले दिवानजी करतो, साऱ्या डेपोवर. सोमवारी पाठवा. मी काई बोललो नाई."

"मंग झालं तर."

"त्यानं माह्या हातात पान ठेवलं."

"अन्?"

"अन् म्या खाल्लं."

"तुमी तर पान खातच नाई," आशाबाई म्हणाली.

"नाई खात. पन त्यानं चार लोकायसमोर ठेवलं हातावर. थुंकू का मंग?"

पान घेतलं की शब्द दिला, हे खळ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. गुणवंतरावाने कपाळाला हात लावला. आशाबाई नवऱ्याकडे अशी बघत राहिली की तो पुन्हा बैलाकडे वळला.

हसला तो डोमाच. आधी नाकातून, मग आवरेना तसा तोंडावर पंचा धरून.

"हासून राह्यला?" वारलूने विचारलं.

"मंग काय करू, बाबा? सोमवारी मी बल्लारशाले हजर, कुरखेड्याले हजर अन् वडशालेही हजर. साऱ्या जिल्ह्यात मीच हावो. अन् मलेच आज न्याहारीले समजून राह्यलं."

तो उठला आणि दावणीकडे गेला. बैल उठवताना त्याचं हसू विरलेलं वारलूला दिसलं. दोन वर्षांपूर्वी त्याने याच पोराला असंच सांगितलं होतं, वडशाला जा, मी बोललो आहे. पोरगा ट्रंक उचलून गेला होता. वारलूला तेव्हा वाटलं होतं, पोरगा आपल्यावर गेलाय. आज त्याला पहिल्यांदा शंका आली की पोराला विचारायचंच राहून गेलं होतं.

मंगरूने बिडी पेटवली. "वारलूभाऊ, तुह्या घरचे शब्द तीन झाले अन् पोरगा एकच हाय. आता दोन पोरं कुठून आनशीन या वयात?"

आशाबाईने त्याला चटणीची वाटी फेकून मारायचं नुसतं नाटक केलं.

कमळाने त्या सगळ्या बोलण्यातून एकच गोष्ट उचलली होती. न्याहारी संपवताना गुणवंतराव म्हणाले होते की बल्लारशाला राहायला खोली मिळते आणि खोलीत बिजलीचा दिवा असतो.

भांडी घासायला ती तळ्याच्या बांधावर, पारीवर, गेली आणि राख लावलेली परात हातात धरून तशीच बसली. वैशाखात लग्न झालं. त्यानंतर डोमा घरी राहिला तो नोकरी सोडल्यापासूनचे सोळा दिवस आणि त्याआधी सगळे मिळून एकोणीस. डेपोतल्या झोपडीत तो दोन गड्यांबरोबर झोपायचा. सासरी कमळाला कसलाही जाच नव्हता. सासू मायेची होती, सासरे तर बोलतच नव्हते. पण ती सातवी शिकलेली मुलगी होती आणि तिने पत्रं लिहिली होती. नवऱ्याला पत्र लिहायचं आणि ते वडशाला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायचं, मग तो माणूस देताना दात काढायचा. तिला त्याच्याशी समोरासमोर भांडायचं होतं. त्याच्यासाठी एकटीने भात शिजवायचा होता आणि तो करपला तरी कोणी बघायला नको होतं.

इंदुताई घागर घेऊन खाली आली. कमळाचा चेहरा बघून ती शेजारी बसली.

"खोलीचा विचार करून राह्यली ना?"

कमळाने परात पालथी केली. "नाई जी, अक्काजी."

"खोटं बोलाले अजून शिकाचं हाय तुले. मी पन नवीन होती तवा असाच विचार करत होती." इंदुताईने मागे वळून हाक मारली. गुणवंतराव बैलांना पाणी दाखवायला तळ्याकडेच येत होता. "का जी, ते बल्लारशाची खोली केवढी हाय?"

"चांगली मोठी हाय. चार कारकून आरामात राहातात."

"चार?"

"एकटा डोमा कशाले एक खोली घेईन? चार पोरं मिळून राहातात, मेसमध्ये जेवतात. वैनी इथीच राहीन बाईजवळ. पुढं पाहू दोन-तीन सालानं."

इंदुताईने घागर पाण्यात टाकली ती जरा जोरातच. "मंग ते बल्लारशा तुमच्याजवळच ठेवा," ती म्हणाली. "मी मायच्या बाजूनं हावो आता."

गुणवंतरावाला आपण काय गुन्हा केला ते कळलं नाही. बैलही पाणी प्यायचे थांबून त्याच्याकडे बघत होते. कमळाने मात्र बोटांवर मोजून पाहिलं. बल्लारशाला चार कारकून. वडशाला झोपडी. कुरखेड्याचा तर सासूने आधीच निकाल लावला होता, तो रोज घरी येणार, म्हणजे ती याच चुलीपुढे, सासूच्या मागे, तिसऱ्या पाटावर. तीन शब्द दिले होते घराने, आणि त्यातल्या एकातही तिला जागा नव्हती. आणि त्याला काय हवंय हेही तिला माहीत नव्हतं. कारण घरात सगळ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं.

दुपारी तळ्यावरून वारा सुटला आणि वाद थांबले, कारण वारा कोणासाठी थांबत नाही. वारलू तिवईवर चढून सुपाने धान सोडू लागला. भूस उडून बाजूला पडलं आणि खाली पिवळ्या धानाची रास वाढत गेली. चार वाजेपर्यंत ती कमरेएवढी झाली. आशाबाईने तिला हळद-कुंकू वाहिलं. सगळ्यांनी चपला काढल्या. वारलूने लाकडी कुडव हातात घेतला, पहिलं माप भरलं आणि 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणाला.

इथून पुढे रास मोजून होईपर्यंत खळ्यावर कोणी बोलत नाही. मोजणाराही पुढची मापं मनातच मोजतो. बोललं की बरकत जाते, असं सगळे मानतात आणि मानत नसलेलेही पाळतात. गुणवंतरावाने कचेरीत कितीतरी साहेब पाहिले, बदल्या पाहिल्या, राज्य बदलताना पाहिलं. पण तोंड मिटून बसण्याएवढं कठीण काम त्याने पाहिलं नव्हतं. आणि नेमका त्याच वेळी मुखरू ठेकेदाराचा छकडा खळ्याच्या कडेला येऊन थांबला.

ठेकेदार खाली उतरला, तोंड उघडलं, रास बघितली आणि तोंड मिटलं. तो याच मुलखातला माणूस होता. त्याने जोडे काढले, हात जोडले आणि तणसाच्या पेंढीवर येऊन बसला.

त्याला बसून थोडाच वेळ झाला असेल, तेवढ्यात पारीवरून सायकल आली. हिवतापाचा इन्स्पेक्टर मूळचा अमरावतीकडचा. त्याने उतरता उतरता "नमस्कार" म्हणायला सुरुवात केली आणि आशाबाईने दोन्ही हात असे हलवले की त्या माणसाला वाटलं, पुढे विंचू आहे. तो एका पायावर थांबला. मंगरूने त्याला दंडाला धरून बूट काढायची खूण केली आणि ठेकेदाराच्या शेजारी नेऊन बसवलं.

आता ते दोघे एकाच पेंढीवर बसले होते, एकाच पोराला न्यायला आलेले, आणि एकमेकांना ते माहीत नव्हतं. ठेकेदाराने सभ्यपणाने इन्स्पेक्टरला सुपारी दिली. इन्स्पेक्टरने मान लववून घेतली. गुणवंतरावाला हसू फुटायला लागलं. ते दाबण्यासाठी त्याने इंदुताईकडे पाहिलं, तर ती पदर तोंडात कोंबून थरथरत होती. आशाबाईने इन्स्पेक्टरकडे बघून सायकलीकडे बोट केलं, मग डोमाकडे. ते ठेकेदाराने पाहिलं. ठेकेदाराने वारलूकडे पाहून पान चावल्याची खूण केली. वारलूचं माप चुकता चुकता वाचलं. मग गुणवंतरावालाही राहवेना. त्याने हवेत कागदावर लिहिल्याची खूण करून डोमाच्या छातीकडे बोट दाखवलं. एवढं झाल्यावर इन्स्पेक्टर हळूहळू ठेकेदारापासून वीतभर दूर सरकला.

डोमा राशीजवळ पोत्याचं तोंड धरून उभा होता. कुडव येत होता, धान पोत्यात पडत होतं. तो कोणाकडेच बघत नव्हता, पण त्याचे कान लाल झाले होते.

शेवटचा कुडव भरला. पण बोलायला अजून कोणाला मोकळीक नव्हती. निकुऱ्यांच्या घरात रास संपल्यावर पहिला शब्द काढायचा तो घरात सगळ्यांत शेवटी आलेल्या सुनेने. ती 'भरलं' म्हणते आणि मग बाकीच्यांची तोंडं सुटतात. जावई असून गुणवंतरावाला हे ठाऊक होतं. इन्स्पेक्टरला ठाऊक नव्हतं, पण सगळे जिकडे बघताहेत तिकडे तोही बघू लागला.

कमळा पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला. "भरलं," ती म्हणाली.

गुणवंतरावाने श्वास घेतला, पण ती मागे सरली नाही.

"सोमवारचं साऱ्यायनं सांगितलं," कमळा म्हणाली. आवाज बारीक होता. "ह्यायले कोनी विचारलं नाई. ह्यायले विचारा."

आशाबाईला आधी राग आला. सुनेने राशीसमोर, पाहुण्यांसमोर, असं बोलावं. मग तिने डोमाकडे पाहिलं. त्याने पोत्याचं तोंड सोडलं होतं आणि तो बायकोकडे असा बघत होता की रागाला जागाच राहिली नाही.

वारलूने कुडव खाली ठेवला. "बोल, डोमा," तो म्हणाला. "तुह्या मनात काय हाय? माह्यं पान सोड, मायचे डबे सोड."

डोमा ठेकेदाराकडे वळून बोलला.

"मुखरूभाऊ, तुमी मले कधी वाईट बोलले नाई. पन डेपोत माह्या हातात दोन वह्या होत्या. एक लाकडाची, एक हजेरीची. लाकडाची लिहाले मजा येत होती. हजेरीची लिहाले नाई. यंदा कार्तिकात मंगरूकाकाचा पोरगा झिंगू लाकडाच्या थप्पीआड पडून हिवतापानं थरथरत होता. म्या त्याच्या अंगावर पोतं टाकलं अन् वहीत गैरहजर लिहिलं. अकरा दिवस लिहिलं. ते लिहाचंच होतं, कामच ते होतं. बाराव्या दिवशी मले लिहवलं नाई. म्हनून सोडली."

मंगरूची बिडी विझली होती. त्याने ती कानामागे ठेवली. "झिंगूनं सांगितलं होतं पोत्याचं," तो म्हणाला. "वहीचं तूच सांगून राह्यला आज."

"मले हिवतापाचं काम पाहिजे," डोमा म्हणाला. "सायकल नसली तरी पाहिजे. मी चालून जाईन. हंगामी असलं तरी पाहिजे, भाऊजी. मच्छर संपले तर मंग कारखान्यात येतो."

गुणवंतरावाने दोन्ही हात वर केले. "मंग हेडक्लार्कले मीच सांगतो," तो म्हणाला. "म्हनतो, पोरगा सरकारनं पळवला. त्याले राग येईन, पन सरकारचं नाव काढलं की तो उभा राहातो."

उरला तो वारलूचा शब्द. आशाबाईला नवऱ्याचा चेहरा दिसत होता आणि तिला त्याची दया आली. तीस वर्षांत त्याने हे केलं नव्हतं. तो ठेकेदारासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"मुखरूभाऊ, म्या पान खाल्लं. माह्या बैलाचा शब्द असता तर बैल देला असता. पोराचा शब्द मले देता येत नव्हता. तो माहा नव्हताच. वापस घेतो."

ठेकेदाराने तणसाची काडी दातात धरली. "मी आलो तवाच समजलो, वारलूभाऊ. तुमी पान असं चावलं होतं जसं कोनी कडुलिंब चावते." तो डोमाकडे वळला. "माह्या डेपोत फवारा मारशीन का नाई? का राग धरून बसशीन?"

"सर्वात आधी तिथीच मारतो," डोमा म्हणाला, आणि खळ्यावरचे सगळे एकदम बोलू लागले. इन्स्पेक्टरने डोमाचा हात हातात घेऊन हलवला. इंदुताई आईच्या गळ्यात पडली. आशाबाई जिंकली होती. तिचा शब्द राहिला होता. तिला आनंद झाला होता आणि तो तिने लपवला नाही. "पाच कोस म्हनजे काई नाई," ती इन्स्पेक्टरला म्हणाली. "दिवे लागनीले घरी येईन ना तो?"

"रोज?" इन्स्पेक्टर म्हणाला. "नाही हो, बाई. मुक्काम कुरखेड्यालाच ठेवावा लागेल. तिथून पुढे जंगलातली सगळी गावं. आठ-पंधरा दिवसांनी येईल."

आशाबाईचं तोंड उघडंच राहिलं. म्हणजे बल्लारशा काय आणि कुरखेडा काय, ताट तर रिकामंच राहणार होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात डोमाने जे केलं ते निकुऱ्यांच्या घरात कोणी केलं नव्हतं. सगळ्यांसमोर, बापासमोर, तो बायकोशी बोलला.

"अन् तुह्या मनात काय हाय?"

वारलूने घाईघाईने पाठ फिरवली. गुणवंतराव आकाशातले ढग बघू लागला, जे नव्हते. कमळा पदराची किनार पिळत उभी राहिली.

"मले कुरखेडा चालते," ती म्हणाली. "मले बल्लारशाही चाललं असतं. गाव कोनतंही चालते जी. मले इथी ठेवून जाऊ नका, एवढंच."

मग तिला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली असावी. ती सासूकडे वळली आणि घाबरून म्हणाली, "तुमचा जाच हाय म्हनून नाई, बाई. मले ह्यायच्या संगं राहाचं हाय म्हनून."

आशाबाईने चोवीस वर्षांपूर्वी याच खळ्यावर 'भरलं' म्हटलं होतं. तिच्याही मनात तेव्हा पुढचं एक वाक्य होतं. ते तिने गिळलं आणि मग घर, म्हशी, पोरं यांत ते कुठे गेलं ते तिला कळलंच नाही. काय वाक्य होतं ते आता नीट आठवतही नव्हतं. त्यात वारलूचं नाव होतं एवढं आठवलं. तिने वळून नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. वारलू भरलेल्या पोत्यात हात घालून उगाच धान वरखाली करत होता, आणि तिला एकदम हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

तिने पदराने डोळे पुसले आणि इन्स्पेक्टरला हाक मारली.

"साहेब, कुरखेड्याले खोली पाहा. दोघायले राहाले होईन अशी. अन् त्यात चूल तिची तिलेच घालू द्या, घरमालकाची नको."

कमळाने वाकून तिच्या पायांना हात लावला. आशाबाईने तिला मधेच धरून उभं केलं.

"माह्या पाया कायले पडतं?" ती म्हणाली. "जाय, त्याच्याशी बोल. अर्धं बोलनं राह्यलं असन तुह्यं."